भीमथडींतील आगगाडी

एखाद्या गांवाचा उत्कर्ष सांगावयाचा झाला म्हणजे "तेथें आगगाडी आली" हें कारण पुढें करण्याची आपल्याकडे रूढीच पडून गेली आहे. बारामतीविषयीं बोलणारे लोकही बहुधा हेंच सांगतात. आणि इंदापूर मागें कां राहिलें असें विचारलें, तर "तेथें आगगाडी नाहीं" असें उत्तर मिळतें. उत्तर सुटसुटीत आहे, पण अर्धेंच खरें आहे. इंदापूर शहरास स्टेशन नाहीं हें खरें; परंतु इंदापूर तालुक्याच्या भूमींत आगगाडी शिरली ती बारामतीच्या आधीं ५६ वर्षें. मग ज्या तालुक्यानें आगगाडी आधीं पाहिली तो मागें कां राहिला, आणि अर्धशतकानंतर २७ मैलांचा एक अरुंद फांटा ज्या गांवास मिळाला तें पुढें कां गेलें? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिला आहे.

प्रथम प्रदेशाची थोडी ओळख करून घेऊं. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा भाग जुन्या काळीं भीमथडी या नांवानें ओळखला जाई. भीमथडीचीं तट्टें मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहेत. चपळ, काटक व थोड्या चाऱ्यावर निभावणारीं. तेथील माणूसही तसाच असावा लागे, कारण पाऊस वर्षाकाठीं विसेक इंच आणि तोही बेभरंवशाचा. उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा, व या दोहोंमध्यें उंच माळरान अशी या भूमीची रचना आहे. दोन्ही नद्या आग्नेयेस वाहत जाऊन इंदापूर तालुक्याच्या टोंकाशीं नरसिंगपुरास एकमेकींस मिळतात. कऱ्हा नदी बारामतीवरून वाहत जाऊन नीरेस मिळते. दोन्ही गांवें जुनीं व नांवाजलेलीं. इंदापूरचा संबंध शहाजीराजांचे वडील मालोजीराजे यांच्याशीं, तर बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमि. पुण्याहून सोलापुराकडे जाणारी हमरस्त्याची वाट इंदापुरावरून होती, म्हणून जुन्या काळच्या व्यापाऱ्यास बारामतीपेक्षां इंदापूरच अधिक सोईचें वाटलें असल्यास नवल नाहीं.

इंदापूरचें आणखी एक महत्त्व आहे व आमच्या विषयाशीं त्याचा निकट संबंध आहे. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्यांत जी धाराबंदी केली, ती रयतेस झेपली नाहीं. जमिनी पडीक पडल्या व गांवें ओस होऊं लागलीं. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनीं नव्या पद्धतीनें मोजणी करून १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत नवा धारा ठरविला. मुंबई इलाख्यांत पुढें जी रयतवारी धाराबंदी सर्वत्र पसरली, तिचा पाया येथेंच घातला गेला. हा धारा ३० वर्षें कायम राहावयाचा होता. म्हणजे त्याची मुदत १८६६ च्या सुमारास भरणार होती. आणि ती भरण्यापूर्वींच या तालुक्यांतून आगगाडी धांवूं लागली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८५८ च्या जूनमध्यें खंडाळ्याहून पुण्यास पोंचला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्याहून डिकसळपर्यंत गेला. हें डिकसळ इंदापूर तालुक्यांतील, भिगवणच्या अंगास, भीमेच्या कांठचें गांव. पुढील तुकडा १८५९ च्या ऑक्टोबरांत खुला होईपर्यंत सुमारें दहा महिने डिकसळ हेंच या मार्गाचें शेवटचें स्टेशन होतें. त्यानंतर भीमेवरील पूल ओलांडून गाडी बारशी रोडला, म्हणजे हल्लींच्या कुर्डुवाडीस गेली, १८६० त सोलापुरास पोंचली व १८७१ त रायचुरास मद्रासकडील मार्गाशीं जोडली गेली. मधला बोरघाट १८६३ त चढून झाल्यावर मुंबईशीं तिचा संबंध अखंड झाला.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा मार्ग इंदापूरसाठीं झालेला नव्हता. मुंबई व मद्रास हीं दोन बंदरें जोडावीं आणि वाटेंत सोलापूरकडील कापूस उचलावा, हा त्याचा हेतु. रूळ टाकणाऱ्यानें भीमेच्या कांठची सपाटी पाहिली, चढउतार मोजले व ज्या वाटेनें खर्च कमी येईल ती धरली. इंदापूर शहर वीसेक मैल बाजूस राहिलें. तालुक्याच्या उत्तर कडेनें गाडी आली आणि निघून गेली. हमरस्त्यावरील जी वाहतूक इंदापुरावरून जात असे, तिचा मोठा भाग रुळावर गेला. म्हणजे ज्या आगगाडीनें शहरास कांहीं दिलें नाहीं, तिनेंच त्याच्याजवळचें थोडें नेलेंही!

रयतेस मात्र ती काय देऊन गेली? आरंभीं बरेंच दिलें. मार्गाच्या बांधणीच्या वर्षांत मजुरीचा पैसा खेड्यांत आला. पाठोपाठ अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, व १८६१ ते १८६५ या काळांत हिंदी कापसाचा भाव चढला. धान्यही महागलें. शेतकऱ्याच्या हातांत पैसा खेळूं लागला, तसा सावकारही त्यास सढळ हातानें कर्ज देऊं लागला. याच भरतीच्या वेळीं तीस वर्षांची मुदत संपली, आणि १८६७ सालीं इंदापूरचा धारा नव्यानें ठरविण्यांत आला. तालुक्यांतून लोहमार्ग गेला आहे, भाव चढले आहेत, बाजार जवळ आला आहे, तेव्हां जमिनीची शक्तिही वाढली आहे असें धरून सरकारनें आकार पुष्कळ वाढविला. पण जमीन होती तीच होती व पाऊसही होता तेवढाच होता. युद्ध संपतांच कापसाचा भाव कोसळला, बांधणीची मजुरी कधींच संपली होती, आणि वाढलेला धारा तेवढा कायम राहिला.

त्याचा परिणाम सर्वश्रुत आहे. १८७५ च्या मे महिन्यांत १२ तारखेस सुपें येथील बाजारांत दंगल उसळली. हें सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. लोकांनीं सावकारांचीं घरें व दुकानें लुटलीं, परंतु त्यांचा खरा रोख होता तो खतें, रोखे व वह्या यांवर. ते कागद जाळावे हाच त्यांचा मुख्य उद्देश. दंगल आसपासच्या तालुक्यांत पसरली. तिच्या चौकशीसाठीं सरकारनें मंडळ नेमलें व पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. दंग्यांचीं कारणें अनेक सांगितलीं जातात व त्यांविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. आगगाडीमुळें दंगे झाले असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु पाणी नसलेल्या मुलुखांत नुसते रूळ आले म्हणजे भाव बाहेरचा होतो, धारा त्या भावाचा होतो आणि पीक मात्र आभाळाच्या स्वाधीन राहतें, एवढा बोध या प्रकरणांतून घेण्यास हरकत नसावी.

दंग्यानंतर वर्षभरांतच १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ आला. या दुष्काळांत आगगाडीनें बाहेरून धान्य आणून अनेकांचे प्राण वांचविले हें कबूल केलें पाहिजे. मात्र तें धान्य विकत घेण्यास ज्याच्याजवळ पैसा नव्हता, त्यास गाडी भरून आली काय आणि रिकामी आली काय, सारखेंच. पोट भरण्यासाठीं हजारों माणसें सरकारी दुष्काळी कामांवर गेलीं. या कामांतूनच पुढच्या इतिहासाचीं दोन साधनें निर्माण झालीं. एक दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग. तो १८७८ सालीं खुला झाला व दौंड हें जंक्शन बनलें. दुसरें नीरेचा डावा कालवा. दौंड-बारामती वाटेवरील शिरसुफळचा तलावही त्याच काळांतला. उपाशी माणसांनीं टोपल्या वाहून जें खणलें व जें रचिलें, त्यावर पुढच्या पिढीचा व्यापार उभा राहिला.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. त्यास पाणी पुरविण्यासाठीं भाटघर येथें धरण बांधण्यांत आलें. पुढें १९२० नंतरच्या दशकांत तेथेंच लॉइड धरण या नांवानें अधिक मोठें धरण झालें. कालव्याची लांबी सुमारें १०० मैल. पुरंदरच्या कडेनें निघून तो बारामतींतून इंदापूर तालुक्यांत जातो. प्रथम लोक पाणी घेण्यास नाखूष असत. पाऊस बरा झाला तर पाणपट्टी कशास भरावी, हा त्यांचा विचार. त्यास मूर्खपणा म्हणतां येणार नाहीं. परंतु १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं हा संशय घालविला. सासवडकडील माळी शेतकरी कालव्यावर येऊन खंडानें जमिनी घेऊं लागले. त्यांस उंसाची लागवड व बागाइताचें कसब अवगत होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्या यांनीं कालव्याच्या पाण्याची वांटणी ठराविक पट्ट्यांनीं व ठराविक मुदतीनें करण्याची पद्धत येथें सुरू केली, त्यामुळें पाण्याविषयीं शेतकऱ्यास कांहींसा भरंवसा वाटूं लागला. ऊंस वाढला, आणि ऊंस वाढला म्हणजे गूळ वाढला.

गूळ हा माल कसा आहे तें पाहिल्याशिवाय बारामतीच्या फांट्याचें मर्म कळावयाचें नाहीं. बाजरी-जोंधळा घरीं खातां येतो, पेवांत भरून ठेवतां येतो. गुळाचें तसें नाहीं. एका गुऱ्हाळांतून निघणाऱ्या ढेपा एका गांवानें खाऊन संपत नाहींत. त्यास दूरचा बाजार हवा. माल जड, पावसाळी हवेनें पाझरणारा, आणि हंगामांत एकदम तयार होणारा. बैलगाडींत घालून बारामतीहून दौंडास न्यावयाचा म्हणजे २७ मैलांची वाट. बैलांचा चारा, गाडीवानाची मजुरी, मुक्काम, आणि वाटेंत काळ्या जमिनींत चाक रुतलें तर होणारी नुकसानी हें सर्व गुळाच्या किंमतींतून वजा होई. कालव्याच्या पश्चिमेकडील गांवांस पुणें-मिरज मार्गावरील नीरा स्टेशन जवळ होतें. बारामतीच्या खालच्या गांवांस तेंही नव्हतें. अर्थात् या भागास आगगाडी हवी होती ती जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांच्या आधीं या ढेपांसाठीं हवी होती.

ती १९१४ सालीं आली. युरोपांत महायुद्धाचा वणवा पेटला त्याच वर्षीं दौंड-बारामती लोहमार्ग सुरू झाला. मुख्य मार्गाच्या रुळांतील अंतर साडेपांच फूट, तर या फांट्याचें अवघें अडीच फूट. असे अरुंद फांटे बांधण्याची कल्पना तोंपर्यंत रुळली होती. कॅलथ्रॉप या इंजिनियरानें बारशीची छोटी गाडी १८९७ सालीं सुरू करून दाखविली होती, व अडीच फुटी रुळांवरूनही पुष्कळ माल थोड्या खर्चांत नेतां येतो हें सिद्ध केलें होतें. दौंड-बारामतीचा फांटा खाजगी भांडवलानें झाला व चालविण्याचें काम जी. आय. पी. रेल्वेकडे राहिलें. सरकारच्या दूरदृष्टीपेक्षां भांडवलवाल्यांचा हिशेब येथें अधिक कामीं आला, असें आम्हांस वाटतें. आणि त्या हिशेबाचा आधार होता कालव्याचें पाणी. १८५८ चा मार्ग दोन बंदरांकडे पाहून आंखला गेला. १९१४ चा मार्ग शेताकडे पाहून आंखला गेला. दोहोंमधील खरा भेद हाच.

या लहान गाडीचें काम कसें चाले हें समजून घेण्यासारखें आहे. बारामतीच्या बाजारांत आडत्याच्या दुकानीं ढेपा उतरत, भाव होई, माल गाडींत चढे व दौंडास येई. तेथें रुळांचें माप बदलत असल्यामुळें प्रत्येक ढेप हमालाच्या खांद्यावरून मोठ्या डब्यांत जाई. मग ती मनमाडावरून खानदेश-गुजराथकडे जावो, पुण्या-मुंबईकडे जावो, वा सोलापुराकडे वळो. दौंड हें तीन वाटांचें ठिकाण असल्यामुळें बारामतीचा व्यापारी एका पुण्याच्या भावावर अवलंबून राहिला नाहीं. परत येतांना याच गाड्यांतून मीठ, घासलेट, कापड, लोखंड आणि उंसास घालावयाची पेंड असा माल येई. पेंडीचें महत्त्व विशेष आहे. उंसासारखें खादाड पीक शेणखतावर पोसवत नाहीं. बाहेरचें खत स्वस्तांत आल्याशिवाय तें वाढत नाहीं. म्हणजे आगगाडीनें गूळ बाहेर नेला एवढेंच नव्हे, तर पुढच्या वर्षाचा गूळ पिकविण्याचें साधनही आंत आणलें.

या लाभाची दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. आडत्या हा केवळ मध्यस्थ नव्हता, तो सावकारही होता. ऊंस वर्षभर शेतांत उभा राहतो. पाणपट्टी, पेंड व मजुरी यांस पैसा आगाऊ लागतो. तो आडत्यानें द्यावा व गूळ त्याच्याच दुकानीं यावा अशी गांठ बसे. १८७५ त ज्या प्रकारचे कागद सुप्याच्या लोकांनीं जाळले, तशा कागदांची गरज बागाइतानें कमी केली नाहीं, उलट वाढविली. भेद एवढाच, कीं आतां फेडण्यास पीक होतें. दुसरें असें, कीं अतिरिक्त पाण्यानें कांहीं उत्तम काळ्या जमिनी चोपण व पाणथळ झाल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत नीरेच्या खोऱ्यांतील हा प्रश्न इतका बिकट झाला, कीं त्याची शास्त्रीय पाहणी करावी लागली. अधिक ऊंस म्हणजे अधिक लाभ, हें गणित जमिनीनें सर्वत्र मान्य केलें नाहीं.

आतां इंदापूरकडे वळूं. कालवा इंदापूर तालुक्यांत गेला नाहीं काय? गेला, पण तो दक्षिणेकडे, नीरेच्या अंगानें, आणि तालुक्यांत शिरतो तो आपल्या शेवटच्या भागांत. कालव्याच्या शेपटाकडील गांवांस पाणी उशिरां व अपुरें मिळतें, हा अनुभव सर्व कालव्यांचा आहे. आगगाडी उत्तरेस, भीमेच्या अंगानें. पाणी एका कडेस, रूळ दुसऱ्या कडेस, व मध्यें माळरान. शहर तर दोहोंपासूनही दूर. बारामतीस पाणी व रूळ एका बाजारांत भेटले. इंदापुरास दोन्ही लाभलीं, पण तीं कधीं एकमेकांस भेटलींच नाहींत. आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस या एका वाक्यांत सांपडतें. नीरेकांठीं कळंब येथें १९३० नंतरच्या दशकांत वालचंद हिराचंद यांनीं ऊंसमळे व साखरेचा कारखाना उभारून वालचंदनगर वसविलें, हा या नियमास अपवाद वाटेल. परंतु तेथें पाणी आधींच होतें, आणि मालाची वाहतूक रुळांवांचून मोटारींनीं करतां येण्याचा काळ उजाडला होता.

त्याच काळानें बारामतीच्या छोट्या गाडीचें महत्त्वही कमी केलें. स्वातंत्र्यानंतर नीरेच्या कालव्यावर माळेगांव, भवानीनगर व सोमेश्वर येथें शेतकऱ्यांचे सहकारी साखर कारखाने निघाले. जो ऊंस गुऱ्हाळांत जाई तो कारखान्यांत जाऊं लागला, व आडत्याच्या आगाऊ रकमेची जागा सहकारी कर्जानें घेतली. साखरेचीं पोतीं कारखान्याच्या दारांतूनच मालमोटारींत चढूं लागलीं. एकदां बारामतीस चढवा, पुन्हां दौंडास उतरवा, पुन्हां चढवा, हा खटाटोप कोण करणार? जी अदलाबदल १९१४ त स्वस्त वाहतुकीची किंमत म्हणून लोकांनीं आनंदानें सोसली, तीच पन्नास वर्षांनीं ओझें झाली. मार्ग मध्य रेल्वेंत सामील झाला व शाळेचीं मुलें, नोकरदार, बाजारकरी यांची सोय म्हणून चालत राहिला. अखेर १९९० नंतरच्या दशकांत त्याचें रुंद मापांत रूपांतर झालें; दौंडची अदलाबदल संपली व बारामतीचा डबा पुण्यापर्यंत सरळ जाणें शक्य झालें. काटफळ, शिरसाई अशीं वाटेंतलीं स्टेशनें आजही त्याच जुन्या वाटेची साक्ष देतात.

पुढचा दुवा दक्षिणेकडे आहे. लोणंदहून फलटणपर्यंत मार्ग तयार होऊन २०२१ सालीं पुणें-फलटण गाडी सुरू झाली, व फलटण-बारामती हा तुकडा जोडण्याचें काम त्यानंतर हातीं राहिलें. तो पुरा झाला म्हणजे नीरेच्या दोन्ही तीरांचे बाजार एका रुळावर येतील, आणि बारामती हें फांट्याचें टोंक न राहतां वाटेवरचें गांव होईल. टोंकाच्या गांवास सर्व माल उतरून घेण्याचा मान असतो. वाटेवरच्या गांवास माल पुढें जातांना पाहावें लागतें. इंदापूरचा १८५८ चा अनुभव बारामतीकरांनीं या वेळीं आठवावा.

शेवटीं डिकसळची हकीकत सांगून लेख पुरा करतों. भीमेवर उजनीचें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें व इंदापूर तालुक्याचा भीमाकांठ पाण्याखालीं गेला. पळसदेवाचें जुनें देऊळ बुडालें. कोरड्या सालीं पाणी हटलें म्हणजे तें वर येतें व लोक पाहावयास जातात. लोहमार्गाचा जुना तुकडाही धरणाच्या पोटांत गेला, आणि गाडीसाठीं नवी वाट करावी लागली. आगगाडीसाठीं बांधलेल्या भीमेवरील जुन्या पुलावरून त्यानंतर इंदापूर व करमाळा या तालुक्यांतील मोटारी व बैलगाड्या जाऊं लागल्या. ज्या तालुक्यांत सव्वाशें वर्षें पाणी व रूळ भेटले नाहींत, तेथें ते असे भेटले. पाण्यानें रूळ गिळून! मात्र त्याच पाण्यानें नंतर भीमाकांठचे ऊंस पोसले, मासेमारी वाढली, भिगवणास रोहित पक्षी येऊं लागले.

अमुक गांवास आगगाडी द्या, अशी मागणी आजही ठिकठिकाणीं होते, व ती करणें हा लोकांचा हक्कच आहे. परंतु मागणाऱ्यांनीं आधीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: गाडी आल्यावर तींत काय चढणार, आणि तें पिकविणाऱ्याच्या हातीं काय राहणार? १८५८ सालीं इंदापुरांत हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं, आणि त्याची किंमत वाढलेल्या धाऱ्यानें रयतेस मोजावी लागली. १९१४ सालीं बारामतीस त्याचें अर्धें उत्तर कालव्यानें आधींच देऊन ठेविलें होतें. उरलेलें अर्धें शेतकऱ्यांस पुढें सहकाराच्या मार्गानें स्वतःच शोधावें लागलें.